थंडी वाजून राहिली ना?

सिंगापुरात थंडीला घाबरणारी बाई मी एकच पाहिली, आणि तिच्या सहवासानं पुढे मीही त्याच वाटेला लागले. बारा महिने तेरा त्रिकाळ घाम पुसत जगायच्या या गावात थंडीची धास्ती घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं मी सुरुवातीला ज्याला त्याला सांगत सुटले होते. आता सांगत नाही. बाई गेल्या वर्षी इथलं बिऱ्हाड मोडून नागपूरला भावाजवळ राहायला गेल्या, आणि त्यांचा विषय निघाला की मी हसण्याऐवजी उठून लेकीला फोन लावते.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती भाडेकरू म्हणून. बँकेच्या हिशेब खात्यात नवी नोकरी, गावात ओळखीचं चिटपाखरू नाही, आणि खोल्यांची भाडी ऐकून डोळे पांढरे झालेले. वुडलँड्स म्हणजे सिंगापूरचं उत्तर टोक, पूल ओलांडला की मलेशिया. तिथली भाडी जरा माणसात होती. एका मराठी बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून बॅग घेऊनच गेले. दार उघडलं ते चाळिशी उलटलेल्या, सावळ्या, सडपातळ बाईंनी. पायात लोकरीचे मोजे, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि कपाळावर घामाचे थेंब. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्या कुर्त्याची बाही दोन बोटांत धरून चोळून पाहिली आणि विचारलं, हे सुती आहे का. मी पुण्याची, त्यामुळे अभिमानानं सांगितलं, शंभर टक्के सुती, हातमागाचं. बाईंचा चेहरा पडला. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओल्या कपड्यात माणूस आधी गार पडतं, हे त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं असतानाच समजावून सांगितलं. माझ्या पाठीवरून तेव्हा घामाचे ओघळ वाहत होते.

बाई शिकलेल्या होत्या, चांगल्या डॉक्टरेट केलेल्या. इथल्या एका प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करायच्या. त्याआधी नवऱ्याबरोबर काही वर्षं कॅनडाच्या मध्यावरच्या एका शहरात होत्या, जिथे हिवाळा आला की जायचं नाव घेत नाही. नवरा तिथेच वारला, एवढं मला कळलं होतं. कशानं ते कोणी सांगितलं नव्हतं. दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी जाडजूड कोटात गुरफटलेल्या, दिलखुलास हसणाऱ्या माणसाचा फोटो. नवरा गेल्यावर बाईंनी म्हणे जगाचा नकाशा समोर घेतला आणि जिथे पाणी कधीच गोठत नाही अशा गावातली नोकरी शोधली. गाव मिळालं. भीती मात्र सामानाबरोबर आली.

त्या घराचे नियम काही औरच. दार ओढून घेण्याआधी किल्ली हातात धरून, वर करून दाखवायची. "किल्ली दाखव," असं त्या म्हणायच्या आणि आम्ही भाडेकरू पोरी बसमधल्या तिकिटासारखी ती दाखवायचो. लोखंडी जाळीच्या दाराला उघड्या हातानं शिवायचं नाही, रुमालानं धरायचं, कडाक्याच्या थंडीत कातडी लोखंडाला चिकटते म्हणून. एकदा मी म्हटलं, बाई, या लोखंडावर पापड भाजतील, थंडी कसली घेऊन बसलात. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की सवय हवामान बघून लागत नाही आणि ऐन वेळी कामाला येते ती सवयच, अक्कल नव्हे. न्हाऊन ओल्या केसांनी बाहेर पडायची सोय नव्हती. त्या केसांत हात घालून बघायच्या, आणि त्यापायी माझ्या किती बस चुकल्या त्याला गणती नाही. फोन पूर्ण चार्ज करायचा आणि पर्समध्ये न ठेवता अंगालगत ठेवायचा, कारण थंडीत बॅटरी माणसाच्या आधी मरते. माझ्या प्रत्येक कुर्त्याला त्यांनी आतून खिसा शिवून दिला होता.

बाहेरचा कॉरिडॉर धुऊन ओला झाला की बाईंची चाल बदलायची. गुडघे किंचित वाकवून, पाऊल सपाट टाकत, हात शरीरापासून सुटे ठेवून त्या बदकासारख्या चालायच्या. बर्फावर असंच चालायचं असतं, हात खिशात घालून चालणारा तोंडावर आपटतो. शेजारची चिनी पोरं त्यांच्या मागून तशीच चालत जायची आणि बाईंना त्याचा आनंद व्हायचा, चार पोरं तरी शिकली म्हणून.

या सगळ्यावर हसता येत होतं. एका गोष्टीवर मात्र हसू यायचं नाही, ती म्हणजे त्यांचा प्रश्न. कामावरून घरी आलं, एसीतून बाहेर पडलं, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, डब्यात गारव्यात शेजारी बसलं, की त्या वळून विचारायच्या, "थंडी वाजून राहिली ना?" नागपुरी बोलीत, हलक्या आवाजात. विचारताना डोळे तोंडावर खिळलेले. हो म्हटलं, की त्यांचे खांदे सैल पडायचे. म्हणायच्या, वाजू दे, वाजून राहिली म्हणजे ठीक आहे. आणि नाही म्हटलं, की क्षणभर त्यांच्या डोळ्यांत असं काहीतरी यायचं की आपण नजर चुकवायचो. लोक थंडी वाजू नये म्हणून काळजी करतात. या बाईंना ती वाजायला हवी असायची, आणि का, ते विचारायचा धीर आमच्यात कोणाला झाला नाही.

एका संध्याकाळी वर्षअखेरीच्या हिशेबात मला उशीर झाला आणि फोनही बंद पडला. लिफ्टमधून बाहेर आले तर बाई कॉरिडॉरमध्ये उभ्या, हातात घोंगडी आणि थर्मास. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या माझा हात हातात घेऊन एकेक बोट दाबून बघत होत्या, दाबलेल्या जागी रंग परत येतो का ते. माझी बोटं गरम होती, त्यांची थंडगार होती. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली ती दारापाशी उभं राहून त्यांना काय दिसत असेल याची. त्यानंतर मी त्यांच्या नकला करणं सोडून दिलं.

पुढे लग्न झालं, पुंगोलला घर घेतलं, मुलगी झाली. बाईंकडे जाणं-येणं सुटलं नाही. दरम्यान इथल्या मराठी मंडळीत त्यांचं एक वेगळंच नाव झालं होतं. कोणाची बदली थंड मुलखात झाली की तो बाईंच्या शिकवणीला जायचा. टोरोंटोला निघालेला बँकवाला, शिकागोला निघालेली अकाउंटंट, सगळे. जाताना हसत जायचे आणि येताना गप्प यायचे. एकदा एक गृहस्थ लंडनला निघाले म्हणून मोठ्या तोऱ्यात बाईंकडे गेले. बाईंनी त्यांना सांगितलं, की लंडनला छत्री न्या, आणि दार लावून घेतलं. बाकीच्यांना मात्र शिकवणी मिळायची. सुट्या बोटांच्या हातमोज्यांपेक्षा अंगठा सोडून चार बोटं एकत्र राहतील असे हातमोजे बरे, बोटं एकमेकांना ऊब देतात. पायात मोज्यांवर मोजे कोंबायचे नाहीत, बूट आवळला की रक्त अडतं. बधिर झालेला अवयव चोळायचा नाही. अंगात ऊब येते म्हणून दारू प्यायची नाही, ती ऊब उसनी असते. हे सगळं त्या अशा चेहऱ्यानं सांगायच्या की ऐकणाऱ्याला बाहेरच्या उन्हाचा विसर पडावा.

मग माझ्याच लेकीला कॅनडात प्रवेश मिळाला, आणि तोही बाई जिथे राहिल्या होत्या त्याच भागात. घरात आनंदीआनंद. मी तोंडानं हसत होते आणि आतून पार हादरले होते. इथे जन्मलेली पोर, सोळा अंशांचा एसी म्हणजे तिच्या लेखी हिवाळा. बाईंना सांगायचं मी लांबणीवर टाकलं. शेवटी फोनवर सांगितलं. मग त्या म्हणाल्या, रविवारी आण तिला.

पहिला धडा झाला लिटिल इंडियात, चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानाच्या गोठवलेल्या मालाच्या विभागात. बाईंनी लेकीला हात थेट फ्रीझरमध्ये, मासे आणि खवलेल्या नारळाच्या पाकिटांमध्ये खुपसून उभं केलं. हात लाल झाला तरी काढू देईनात. मग म्हणाल्या, आता खिशातून किल्ली काढ आणि शर्टाचं वरचं बटण लाव. लेकीच्या हातून किल्ली दोनदा पडली. बटण तर लागलंच नाही. येणारे-जाणारे ढकलगाड्या थांबवून बघत होते. लेक म्हणाली, "ओके आंटी, आय गेट इट लाह, माय फिंगर्स लाइक सॉसेज." बाईंना विनोद आवडला नाही. त्या मला म्हणाल्या, हिचं हसणं चांगलं आहे, पण ही तिथे कोणाला काही मागेल का ते मला बघायचं आहे.

तेच त्यांनी वुडलँड्सला परत आल्यावर बघितलं. लेकीला म्हणाल्या, दोन मजले खाली उतर, जे दार पहिलं दिसेल त्याची बेल दाब आणि म्हण, आय ॲम कोल्ड, प्लीज लेट मी इन.

दुपारचं ऊन रणरणत होतं. लेकीचा शर्ट घामानं चिकटला होता. ती माझ्याकडे बघायला लागली, म्हणाली, "मा, सो पैसेह." पैसेह म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत लाज. बाईंना तो शब्द ठाऊक होता.

"तीच काढायची आहे," त्या म्हणाल्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, बाई, काय हे, लोक पोलिसांना बोलावतील. बोलावू दे, पोलीस ठाण्यात हीटर असतो, असं म्हणून त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिला जिन्याकडे वळवलं. लेक गेली. आम्ही जिन्याच्या वळणावर उभ्या राहिलो. बेल वाजल्याचं ऐकू आलं, मग तिचा पडेल आवाज, आणि मग एका म्हाताऱ्या मलाय बाईचा घाबरा आवाज. या उन्हात पोरीला थंडी वाजते म्हणजे सणकून ताप आहे, असं त्या माउलीला वाटलं असणार. तिनं कपाळाला हात लावला असेल, कारण काहीतरी पुटपुटत तिनं लेकीला आत ओढलं आणि दार बंद झालं.

मला हसू आवरेना. बाई हसत नव्हत्या. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि त्या बंद दाराच्या दिशेनं बघत, मी काही न विचारता बोलायला लागल्या.

"मी लॅबमध्ये होते. हे घरी. पायरीवर कोणी पार्सल ठेवलं ते उचलायला लुंगी-स्वेटरवर बाहेर आले आणि मागे दार लागलं. आपोआप कुलूप पडायचं त्याला. फोन हातात होता म्हणून मला केला. मी म्हटलं, शेजारी जा. तर म्हणाले, ती गोरी बाई एकटी राहते, लुंगीवर तिच्या दारात कसा जाऊ, काय म्हणेल. तू ये, मी थांबतो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मी निघाले. अर्ध्या रस्त्यात फोन केला. विचारलं, थंडी वाजून राहिली ना? म्हणाले, नाही, आता नाही वाजत, बरं वाटून राहिलं. घाई करू नको, रस्ता निसरडा आहे. मग मी घाई केली नाही. वाटेत दूध घेतलं."

खालून कोणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, की त्या पोचल्या तेव्हा ते पायरीवर बसले होते. अंगातला स्वेटर काढून, नीट घडी घालून शेजारी ठेवला होता. कुडकुडणं ही शरीराची धडपड असते. ती संपली की थंडी वाजायची थांबते, झोप येते, आणि अगदी शेवटी माणसाला उकडायला लागतं. हे त्यांना डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

मी इतकी वर्षं तो प्रश्न ऐकत आले होते. घडी घातलेल्या त्या स्वेटरचा विचार करून माझ्या अंगावर काटा आला आणि तो जाईना. माझी मुलगी त्याच मुलखात चालली होती.

लेक वर आली ती ओठांवर मायलोच्या चॉकलेटी दुधाची मिशी घेऊन. खालची आंटी सो नाइस, तिला वाटलं मला फीवर आहे, असं काहीबाही सांगत होती. बाईंनी डोळे पुसले नव्हते, कारण त्या रडल्याच नव्हत्या. त्यांनी विचारलं, लाज वाटली का. लेक म्हणाली, खूप. "मग पुन्हा जा," बाई म्हणाल्या, "दुसरं दार." त्या दिवशी लेक लाज वाटेनाशी होईपर्यंत दारं वाजवत फिरली. परतीच्या प्रवासात तिनं बाईंना वेड्यात काढलं आणि मी तिला आयुष्यात पहिल्यांदा इतकी झापली की पुंगोल येईपर्यंत ती बोलली नाही.

ती गेली. माझे दिवस इथे आणि काळीज तिथे, अशी अवस्था झाली. फोनवर तिथलं तापमान बघायची मला सवय लागली. इथे छत्री विसरले तरी चालेल, तिथला वारा बघितल्याशिवाय मी घराबाहेर पडायची नाही. नवरा म्हणाला, तू दुसरी बाई होत चाललीस. त्याला वाटलं मला राग येईल.

फेब्रुवारीतली सकाळ. मी ऑफिसला निघाले होते, पुंगोलच्या एलआरटीत, म्हणजे वस्तीतल्या छोट्या मेट्रोगाडीत चढले, तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ झालेली. मैत्रिणीकडून परतताना ती चुकीच्या थांब्यावर उतरली होती आणि पुढची बस बर्फामुळे रखडली होती. थांबा उघडा, रस्ता मोकळा, वारा. ती वैतागली होती, सारखी थंडीला शिव्या घालत होती. मी तिला बोलतं ठेवलं. तू दिवसभर काय खाल्लंस, मी डब्यात काय घेतलं, बाबांचं काय चाललंय, असं काहीही. आजूबाजूला बाबागाड्या घेतलेल्या आया, पाळणाघराकडे निघालेली पोरं. जरा वेळानं मी सवयीनं विचारलं, थंडी वाजतेय का गं?

"नॉट कोल्ड ऑलरेडी, मा," ती म्हणाली. "ओके लाह. जस्ट सिटिंग."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. चला, पोरीला सवय झाली. पुढचं स्टेशन आलं, दारं उघडली, एक बाबागाडी उतरली, दोन चढल्या, दारं मिटली. आणि तेव्हा कुठे ते वाक्य माझ्या डोक्यात मराठीत उलटलं. आता थंडी वाजत नाही. बसले आहे.

मी ओरडले, "ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ." सिंगापूरच्या गाडीत कोणी मोठ्यानं खोकतही नाही. सगळा डबा वळला. लेक म्हणाली, व्हाय यू शाउटिंग, मा, आय ॲम फाइन, जस्ट स्लीपी. तिची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटत होते. मी विचारलं, समोर दिवा दिसतो का. रस्त्यापलीकडे एक घर आहे, म्हणाली. म्हटलं, जा, बेल दाब. तर म्हणते, त्यांची जेवायची वेळ असेल, सो पैसेह, बस येईल आता.

"तुला वुडलँड्सला काय म्हणायला लावलं होतं?" मी म्हटलं. "ते म्हणून दाखव मला. मोठ्यानं म्हण आणि चालायला लाग."

ती म्हणाली. आय ॲम कोल्ड, प्लीज लेट मी इन. कोल्ड शब्दावर अडखळली. मी पुन्हा म्हणायला लावलं. बर्फात पावलं पडल्याचा करकर आवाज यायला लागला. मग धप्पकन काहीतरी पडलं आणि आवाज थांबला. मी तिचं नाव घेऊन हाका मारत होते, लहानपणीच्या नावानं, डब्यातल्या सगळ्या माणसांदेखत. पुन्हा करकर. बेल. कुत्रं भुंकल्याचा आवाज. कोणा बाईचा आवाज. आणि फोन बंद.

मी पुढच्या स्टेशनवर उतरले. परत लावला, लागेना. तिची बॅटरी संपली होती की ती पायरीवर पडली होती की दार उघडलंच नव्हतं, मला काहीही कळायला मार्ग नव्हता. सकाळचं ऊन फलाटावर आलं होतं आणि माझे दात एकमेकांवर आपटत होते. मी आजवर ज्याला भीती म्हणत होते ती भीती नव्हतीच, हे मला त्या फलाटावर कळलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. मला सारखी ती घडी घातलेल्या स्वेटरची पायरी दिसत होती, फक्त त्या पायरीवर माझी मुलगी होती.

फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून. कोणी बाई होती, शांतपणे, सावकाश बोलत होती. तुमची मुलगी माझ्याकडे आहे, अँब्युलन्स बोलावली आहे, ती फार थरथरते आहे, घाबरू नका. मग लेकीचा आवाज आला, दात वाजत असलेला. "मा, सो कोल्ड. शेकिंग नॉन-स्टॉप." आणि ती रडायला लागली. मी म्हणत होते, वाजू दे, राणी, वाजू दे गं, वाजू दे, आणि मीही रडत होते. एका तरुण आईनं बाबागाडी थांबवून टिश्यूचं पाकीट माझ्या हातात ठेवलं. काय झालं ते तिनं विचारलं नाही.

लेकीला हॉस्पिटलमधून दुसऱ्याच दिवशी सोडलं. दोन बोटांच्या टोकांना जरा इजा झाली होती, ती भरून येणार होती. त्या रविवारी मी लिटिल इंडियातून पेढे घेतले आणि वुडलँड्स गाठलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. बाईंना काय सांगायचं, कसे पाय धरायचे.

बाईंनी सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, ती नेमकं काय म्हणाली ते पुन्हा सांग, तिचेच शब्द. मी सांगितले. त्यांनी विचारलं, आवाजावरून ओळखलंस का. मी म्हटलं, नाही बाई, आवाजाकडे माझं नंतर लक्ष गेलं, शब्दांवरूनच ओळखलं.

त्यांनी तोंडाशी नेलेला पेढा परत बशीत ठेवला.

"म्हणजे फोनवरून कळतं," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर उमगलंच नाही. त्या खिडकीकडे बघत होत्या. मग सांगायला लागल्या, की तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तुम्ही तिथे नव्हता, तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं. भाऊ तेच म्हणाला, लॅबमधले सगळे म्हणाले. माहीत असतं तरी फोनवर काय कळणार, बाई, असं प्रत्येकानं समजावलं. "त्याच्यावर मी इतकी वर्षं काढली," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईनं म्हटलं, की मला कळलं ते तुम्ही शिकवलंत म्हणून. तुम्हाला शिकवायला तेव्हा कोणी नव्हतं. त्यांनी मान हलवली. ते खरं होतं आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी घेऊन मी गेले होते आणि तीच त्यांच्या जिव्हारी लागली. त्यांना एकटं टाकून निघायची मला भीती वाटायला लागली. मी बसून राहिले, कांदे चिरले, भात टाकला, दोघी जेवलो. त्यांनी लेकीच्या बोटांची विचारपूस केली, मलम कुठलं लावायचं ते सांगितलं, आणि त्या परक्या बाईंना इथून काहीतरी पाठव म्हणून बजावलं.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. जाळीचं दार त्यांनी धरलं होतं.

"हे मला लागलं, ते पोरीला सांगू नको," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही सांगणार, तिला फार वाईट वाटेल.

"वाईट वाटू दे. त्यानं कोणी मरत नाही," बाई म्हणाल्या. "पण आपण खरं बोललो आणि ते कोणाला तरी लागलं, असं तिच्या मनात बसलं, तर पुढच्या वेळी तू विचारशील तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून ती म्हणेल, हो आई, वाजते आहे."